वावर तोडायचं नाही, धुरे टाकायचे

दुरुस्तीच्या दुकानात वस्तू साठतात, तसे किस्सेही साठतात. माणूस रेडिओ ठेवून जातो, चिठ्ठीवर नाव लिहून जातो आणि पुन्हा येत नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोण का आलं नाही, हे फारसं कोणी विचारत नसे. रेडिओ फळीवर राहायचा आणि त्याच्याभोवती जे काही घडलं असेल तेही तिथंच राहायचं. यवतमाळात कादरभाईंच्या दुकानात अशा रेडिओंची एक अख्खी भिंत होती. तिच्याखाली आम्ही चार जण दर रविवारी दुपारी बसायचो. तिथले हे काही किस्से. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे मध्येच समजावून सांगायची खोड आहे. तेवढी सांभाळून घ्या.

*

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो टेप दुरुस्तीला घेऊन. शालिनी, माझी पत्नी, गेली त्याला तीन महिने झाले होते. टेप तिचा होता. कादरभाईंनी मागचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, पट्टा गेला, रविवारी या.

रविवारी गेलो तर झाला नव्हता. तिथं दोघं जण बसले होते, चहा आला होता, मलाही दिला. पुढच्या रविवारीही झाला नव्हता. पुन्हा चहा. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी बघतो तर फळीवर माझाच टेप चालू होता आणि त्यावर बाजारभाव ऐकणं चाललं होतं.

मी म्हणालो, "कादरभाई, हा तर झालाय."

"पहिल्याच दिवशी झालता."

"मग सांगितलं का नाही?"

कादरभाईंनी कपात चहा ओतला. "सांगतलं असतं त तुम्ही आले असते काय?"

*

आता तिथं काय चालायचं ते सांगतो.

आमच्याकडे घरोघरी कॅसेटी होत्या. रेडिओवरचे फर्माइशीचे कार्यक्रम लोकांनी वर्षानुवर्षं भरून ठेवले होते. आता टेप बिघडले, कॅसेटींना बुरशी लागली. मग लोक त्या कादरभाईंकडे आणायचे. ते कॅसेट वाजवायचे आणि ती राठोडांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरायची. राठोड म्हणजे दिग्रसकडच्या तांड्यावरचे. लोहाऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात होते. चौथ्या मंगलाताई, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली.

अडचण अशी की कॅसेटची एक बाजू म्हणजे कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या तासाची एकच लांबलचक फाईल. त्यात सातवं गाणं कुठं शोधणार? राठोडांनी एक युक्ती शिकून आणली. मोठ्या फाईलीशेजारी एक चिमुकली फाईल ठेवायची. तिच्यात आवाज नाही, नुसता मजकूर: पहिलं गाणं इथं, दुसरं इतक्या मिनिटाला, तिसरं इतक्या. कॉम्प्युटर ते वाचतो आणि नेमका तिथं उडी मारतो.

मंगलाताईंना हे पटेना. गाणी वेगळी झाली, पण कापली नाहीत, हे कसं?

कादरभाई म्हणाले, "ताई, वावर तोडायचं नाही, धुरे टाकायचे."

वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे बांध, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. त्या दिवसापासून त्या खुणांना आमच्याकडे दुसरं नाव राहिलं नाही. किती धुरे झाले? तुमचा धुरा सरकला. एकदा राठोड आणि मंगलाताईंची जुंपली, की ताईंनी लिहिलेला धुरा चार सेकंद आत आला आहे. बाकावर एक शेतकरी मिक्सर दुरुस्तीला घेऊन बसला होता. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "बाप्पा, चार सेकंदासाठी कोणी कोर्टात जाते काय?"

आम्ही हसलो. कादरभाई हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, वेळ कानानं पकडायची, अंदाजानं नाही, आणि ते काम त्यांचं. "माह्या हातचा धुरा ज्या दिवशी चुकला, त्या दिवशी शटर पाडीन आन् नागपूरले पोराकडं जाईन," ते म्हणाले. मुलगा दर आठवड्याला फोन करून बोलावतच होता. दुरुस्तीला येणारं सामान कमी झालं होतं. दुकान म्हणजे आता रविवारच उरला होता. त्यांचं हे वाक्य पुढं आम्हाला फार जड गेलं.

*

त्या चिमुकल्या फाईलीत वेळ तीन भागांत लिहायची: मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे तुकडे. हे तुकडे शंभर नसतात, पंच्याहत्तर असतात, एवढं सांगायचं राठोड विसरले.

मी आणि मंगलाताईंनी सलग दोन रविवार बसून, कादरभाईंनी सांगितलेल्या वेळांवरून, अकरा कॅसेटींचे धुरे लिहिले, शंभरच्या हिशेबानं. कॉम्प्युटर काही फाईली उघडी, काही उघडेना. कारण सापडेना. मंगलाताईंना वाटलं, दुःखी गाण्यांच्या उघडत नाहीत. त्यांनी वहीत तपासून पाहिलं. तीन कॅसेटींपर्यंत ते खरंही निघालं.

शेवटी राठोडांना आठवलं. त्यांनी ओशाळून सांगितलं, चौऱ्याहत्तरच्या पुढचा आकडा आला की ते यंत्र फाईलच नाकारतं.

कादरभाई कोपऱ्यात एका रेडिओला सोल्डरिंगचा डाग देत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कापसाच्या काट्यात मारतेत हे माहीत होतं. सेकंदातही पंचवीस मारले?"

*

कादरभाईंचा कान काय होता, त्याचा हा किस्सा.

लोडशेडिंगमुळे दिवसातला निम्मा वेळ लाईट नसायची. लोक टेप सेलवर चालवून गाणी भरायचे. सेल उतरत आले की टेप हळू फिरतो, आणि हळू फिरून भरलेलं नंतर लाईटवर वाजवलं की आवाज बारीक आणि घाईचा निघतो. हे मला तिथं कळलं.

दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची कॅसेट होती. सुरुवातीला निवेदक पुरुष, शेवटच्या दोन गाण्यांना बाई. मंगलाताईंनी फाईलीत तशी नोंद केली, नवीन निवेदिका. एवढंच नाही, ही मुलगी आपल्या हाताखाली ट्रेनिंगला होती, हुशार होती, मग रेडिओत लागली असेल, असंही सांगितलं.

कादरभाईंनी डोळे मिटून ऐकलं. "ताई, हे पोरगी नाही. सेल उतरले."

त्यांनी टेपच्या मोटरमधला बारीक स्क्रू पेचकसानं फिरवत आणला. मुलीचा आवाज हळूहळू जाड होत गेला, आणि राळेगावच्या श्रोत्यांपर्यंत येईतो तो पहिलाच पुरुष बोलू लागला.

मंगलाताईंनी चहा संपवला. निघताना पायरीवर थांबल्या.

"पण मुलगी चांगली होती हो," म्हणाल्या.

*

त्याच मंगलाताईंनी एका रविवारी मला आणि राठोडांना पानठेल्यापाशी थांबवलं. कादरभाईंचे धुरे मागं पडताहेत, म्हणाल्या.

आधी मला ती त्या मुलीची परतफेड वाटली. पण त्यांनी वही काढली. गाणं बासरीनं सुरू होत असेल, तर धुरा बासरी संपून तबला लागतो तिथं पडलेला. सारंगीनं होत असेल, तर सारंगी बाहेर. ठोक्याचं सगळं बरोबर, हलकं सगळं बाहेर. हलकं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

राठोड म्हणाले, मी महिन्यापूर्वीच पाहिलं, मला कॉम्प्युटरचा दोष वाटला. मला आठवलं, कादरभाईंच्या पाठीमागून काही विचारलं की ते उत्तर देत नाहीत. मी समजत होतो, रागावले असतील.

सांगायचं का त्यांना? सांगितलं तर शटर पडणार, ते नागपूरला जाणार. तिघंही उभे राहिलो. पानवाल्यानं दोनदा विचारलं, काय देऊ. खरं सांगायचं तर त्यांच्या कानापेक्षा मला माझ्या रविवारची काळजी जास्त वाटली. त्या दुकानाबाहेर माझ्याशी लोक जपून बोलायचे, आवाज खाली आणून. तिथं तसं कोणी करत नव्हतं.

ठरलं असं की राठोडांनी फाईली पेन ड्राईव्हवर लोहाऱ्याला न्यायच्या, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत धुरे जागेवर आणायचे आणि पुन्हा दुकानात टाकायच्या.

*

दोन महिने हे निभावलं.

कादरभाई आपले आकडे कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. एकदा त्यांनी चष्मा लावून कागद आणि पडदा शेजारी शेजारी धरले. बरेच आकडे जुळेनात. कुठं तीन सेकंदांचा फरक, कुठं पाच. त्यांनी राठोडांना विचारलं.

राठोडांना खोटं बोलता येत नाही. कारखान्यात रजा हवी असली तरी ते खरं कारण लिहायचे. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "ते कॉम्प्युटर आपोआप सुधारते, कादरभाई."



"हो काय?" कादरभाई म्हणाले. "लय गुणाचा हाये. रोज सुधारते का सोमवारीच?"

*

पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या खुर्चीशेजारी एक स्टूल मांडलं आणि मला तिथं बसवलं.

"सर, माह्यी नजर पडद्यावर राहते. दोन कामं एका टायमाले होत नाहीत. गाणं लागलं का तुम्ही हात वर करत जा. मी लिहून राहीन."

राठोडांनी सोमवारी पेन ड्राईव्ह नेणं बंद केलं. मंगलाताई न राहवून म्हणाल्याच, "जन्मभर पोरांना हात वर करायला लावले सर, आता फेडा."

पहिलीच कॅसेट झरी जामणीकडच्या मडावींची आली. वनरक्षक होते, जंगलातल्या चौकीवर एकटे राहायचे. ते गाव अगदी सीमेवर, त्यामुळे गाणं अर्ध्यावर आलं की तिकडचं तेलुगू केंद्र मध्ये घुसायचं. मी गोंधळलो. तेलुगू सुरू झालं, हात वर केला. ते विरलं, पुन्हा आपलं गाणं आलं, पुन्हा हात. कादरभाईंनी प्रत्येक हाताला धुरा टाकला. एका गाण्याचे पाच तुकडे झाले. राठोड म्हणाले, मधलं तेलुगू वगळून टाकू.

मडावी फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "राहू द्या. आमच्याकडं गाणं असंच येते."

त्या फाईलीत अजून तसंच लिहिलेलं आहे: तेलुगू आलं, तेलुगू गेलं, तेलुगू आलं, तेलुगू गेलं.

*

फर्माइशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी ते मागणाऱ्यांची नावं वाचतात. गाव, मग नावं, मग गाणं. आमचा नियम असा की धुरा गाण्याच्या पहिल्या सुरावर. नावं मग आपोआप आधीच्या गाण्याच्या शेपटाला जायची. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

राठोडांची आई डोळे तपासायला यवतमाळला आली होती. राठोड तिला दुकानात घेऊन आले. आरशांची ओढणी सावरत ती बाकावर बसली. तिच्यासाठी तांड्यावरची कॅसेट लावली आणि राठोडांनी तिचं गाणं काढलं. एका उडीत नेमकं गाणं लागलं. आम्हाला अभिमान वाटला.

तिनं मान हलवली, हे नाही.

राठोडांनी पुन्हा लावलं. तिनं पुन्हा मान हलवली. राठोड चिडले. "याडी, हेच तर तुझं गाणं हाय," आईला ते याडी म्हणत.

"गाणं त साऱ्याइचं हाये," ती आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली. "माह्यं नाव त त्याच्या आधी हाये."

कादरभाईंनी मागं घेतलं. निवेदकानं तांड्याचं नाव घेतलं आणि सात नावं वाचली. तिचं चौथं होतं. पुढची तीन नावं तिनं हात जोडून ऐकली. मग गाणं सुरू झालं आणि ती उठून चपला घालू लागली.

त्या दिवसापासून आम्ही धुरा सरकवला. हात आता नावांआधी वर जायचा, गाव उच्चारलं की लगेच.

*

घरी कपाटात शालिनीच्या कॅसेटी होत्या. हे त्या तिघांना ठाऊक होतं आणि इतक्या महिन्यांत कोणी त्यांचा विषय काढला नव्हता. ती फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवायची. कार्यक्रम लागायचा तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर तपासत असायचो. नंतर ती स्वयंपाकघरातून सांगायची, आज नाव आलं. मी म्हणायचो, अरे वा. वीस वर्षांत मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

राठोडांची आई येऊन गेली, त्याच्या पुढच्या रविवारी मी एक कॅसेट खिशात घालून नेली. कादरभाईंनी ती उलटसुलट बघितली. वर काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसलं, एकदा पुसून झाल्यावर आणखी एकदा पुसलं. मंगलाताई रेडिओंच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी स्टुलावर बसलो. कादरभाईंनी कागदाची घडी मोडली, पेन्सिल धरली आणि बटण दाबलं.

खरखर झाली. मग निवेदकाचा आवाज आला. नमस्कार झाला आणि त्यानं पहिल्या गाण्याची नावं वाचायला घेतली. यवतमाळहून शालिनी, असं तो म्हणाला, आणि तिच्यानंतर माझं नाव घेतलं.

माझं नाव ती देत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

गाणं लागलं. संपलं. निवेदक पुन्हा बोलू लागला, दुसरी गावं, दुसरी नावं. माझे हात गुडघ्यांवर होते. हात वर गेला नाही तर कादरभाईंना काही कळणार नाही, हे मला पूर्ण ठाऊक होतं. त्यांना कळावं म्हणूनच मी तिथं बसलो होतो. तरी ते हात माझे असल्यासारखे वाटत नव्हते. तिसरं गाणं गेलं, चौथं गेलं. एकदा मी वळून पाहिलं. कादरभाई पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते आणि पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली होती.

अर्धा तास असाच गेला. मग टेपचं बटण खट्कन वर आलं.

पडद्यावर त्या अर्ध्या तासाच्या आवाजाचे उंचवटे आणि खळगे अजून दिसत होते. कोणीही मोजले असते तर नऊ गाणी भरली असती. राठोड तिकडेच बघत होते. मंगलाताईंनी भिंतीकडची मान वळवली नव्हती.

"किती झाले सर?" कादरभाईंनी विचारलं.

"एक," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा नीट केला आणि कागदावर लिहिलं: एक. त्याच्यापुढं लिहिलं, मिनिट शून्य, सेकंद शून्य.